सहकाऱ्यांचे देणे कंपनीच्या खात्यात मांडू नका

नोकरी सोडावी कशी, हा प्रश्न आता कार्यालयापुरता राहिलेला नाही. तो जेवणाच्या पंगतीत निघतो, लोकलच्या डब्यात निघतो, लग्नाच्या बोलणीतसुद्धा निघतो. मोठ्या आयटी कंपन्यांची 90 दिवसांची नोटीस, राजीनामा दिल्याबरोबर बदलणारे वरिष्ठांचे चेहरे, होकार कळवूनही रुजू होण्याच्या दिवशी न उगवणारे उमेदवार आणि एका ईमेलवर हजारो माणसांना घरी पाठवणारी व्यवस्थापने, यांपैकी कोणतेही निमित्त घडले की त्याच दोन बाजू समोरासमोर येतात. एक बाजू सांगते की कंपनी हे कुटुंब असते, तिने तुम्हाला घडवले, तेव्हा सोडताना कृतज्ञ राहा आणि शक्य तितके थांबा. दुसरी बाजू उत्तर देते की कंपनी हा व्यवहार आहे, पगाराच्या बदल्यात वेळ दिला, हिशेब संपला, लॅपटॉप जमा करा आणि मागे वळून पाहू नका. हा वाद मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि दर वेळी मला वाटते की दोन्ही बाजू एकाच चुकीच्या पायावर उभ्या राहून भांडत आहेत. नोकरीच्या ठिकाणी आपले नाते फक्त कंपनीशी असते, असे दोघांनीही गृहीत धरले आहे. ज्यांच्या शेजारी बसून आपण दिवसाचे आठ-दहा तास काढले ती माणसे एका बाजूला कंपनीचा अवयव वाटतात, आणि दुसरी बाजू त्यांना कंपनीबरोबरच मागे टाकायला निघते.

माझे म्हणणे असे आहे की कंपनीवरची निष्ठा आणि सहकाऱ्यांचे देणे ही दोन स्वतंत्र खाती आहेत. पहिल्या खात्यात शिल्लक शून्य असली, किंबहुना कंपनीच तुमचे काही देणे लागत असली, तरी त्यामुळे दुसरे खाते बंद होत नाही. निरोप समारंभातल्या गहिवराशी या दुसऱ्या खात्याचा फारसा संबंध नाही. आपण ज्याला ‘माझा अनुभव’ किंवा ‘माझे कौशल्य’ म्हणतो त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात इतरांच्या हातात असतो, आणि या वस्तुस्थितीची नोंद त्या खात्यात असते. जुनी नोकरी सोडताना ती नाकारली तर मागे राहिलेल्यांचे नुकसान होते. नव्या नोकरीत शिरताना ती विसरली तर आपले स्वतःचे.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आधी मान्य करतो, कारण तो खरा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये मेटाने 11,000 हून अधिक आणि जानेवारी 2023 मध्ये गुगलने सुमारे 12,000 माणसे कमी करण्याची घोषणा केली, तेव्हा ज्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे आपल्या आवारांचे आणि आपल्या ‘कुटुंबाचे’ कौतुक मिरवले होते त्यांच्याच लोकांना ही बातमी ईमेलने मिळाली. आपल्याकडच्या कंत्राटी कामगाराला तर ईमेलही येत नाही. एका सकाळी गेटवर त्याचे कार्ड चालत नाही, एवढेच. ज्या संस्थेला एका रात्रीत तुमचे नाव यादीतून काढता येते तिने तुमच्याकडून रक्ताच्या नात्याची अपेक्षा ठेवावी, हे अन्याय्य आहे. कंपनीला कुटुंब म्हणणे थांबवले पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण ईमेल पाठवणारी व्यवस्था आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस हे एकच आहेत, हे कोणी ठरवले? तो ईमेल त्या माणसालाही आलेला असू शकतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवून दिले होते की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती माहिती रोजच्या जिवलगांकडून मिळाली नव्हती. ती क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून आली होती, आणि त्यांत जुन्या नोकरीतले सहकारीही होते. मात्र हा मुद्दा मी माझ्या बाजूचा आधार म्हणून वापरणार नाही. ‘माणसे जोडून ठेवा, पुढे उपयोगी पडतील’ हा उपदेश सहकाऱ्याला अडीनडीची ठेव करून टाकतो. ‘गरज सरो नि वैद्य मरो’ या वृत्तीचाच तो दूरदर्शी प्रकार आहे. गरज पुन्हा उद्भवेल म्हणून वैद्याला जिवंत ठेवायचे, एवढाच फरक. माझा आधार वेगळा आहे, आणि तो मला माझ्याच एका चुकीतून सापडला.

उमेदवारीच्या काळात मी पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये अभियंता होतो. एका प्रेसवर दिवसातून तीन-चार वेळा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलावी लागे आणि प्रत्येक बदलात मशीन सव्वादोन तास उभे राही. वर्षभर मी त्या कामामागे लागलो. घड्याळ लावून प्रत्येक हालचाल मोजली, साधनांची ढकलगाडी बनवून घेतली, कामाचा क्रम नव्याने लिहिला, आणि 135 मिनिटांचे काम 50 मिनिटांवर आले. सूचना फलकावर माझा फोटो लागला. पुढे नोकरी बदलताना बायोडेटाच्या पहिल्याच ओळीत मी हा पराक्रम लिहिला, मुलाखतीत त्याच्यावरच बोललो आणि मला नवी नोकरी मिळाली ती त्याच्या जोरावर. नव्या ठिकाणी मला तेच करून दाखवायचे होते. ढकलगाडी तशीच होती, क्रम तोच होता, मशीन तर आधीच्यापेक्षा नवे होते. सहा महिन्यांनी आम्ही 100 मिनिटांवर अडकलो होतो, आणि नवीन वरिष्ठ माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागले होते ती मी विसरलेलो नाही.

त्या सुमारास मी जुन्या कारखान्यातल्या डाय सेटरला भेटायला गेलो. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. माझी अडचण ऐकून त्यांनी विचारले, “साहेब, तिथं आदल्या संध्याकाळी पॅकिंग कोण काढून ठेवतं?” मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितले ते असे. प्रत्येक डायसाठी लागणारे पॅकिंगचे तुकडे, क्लॅम्प आणि बोल्ट ते आदल्या दिवशी पाळी संपल्यावर तारेत ओवून, वर पत्र्याची चकती बांधून ठेवत. मशीनच्या पाटावर त्यांनी प्रत्येक डायची जागा रंगाच्या ठिपक्यांनी आखली होती. क्रेन चालवणाऱ्याशी त्यांचे सकाळीच बोलणे झालेले असे, म्हणून क्रेन कधी दुसऱ्या टोकाला सापडत नसे. आणि पहिला नग तपासणारा तपासनीस चहाला जाण्याआधी मामांना विचारून जाई. माझ्या घड्याळात यातले काहीच आले नव्हते, कारण मशीन थांबल्यावर मी घड्याळ लावीत असे. माझ्या कागदावरचे 50 मिनिटांचे काम या माणसाच्या संध्याकाळच्या अर्ध्या तासावर आणि त्याने वीस वर्षे सांभाळलेल्या बोलाचालीवर उभे होते. मी तो कागद घेऊन निघून गेलो होतो. मामांचे नाव सूचना फलकावर नव्हते, बायोडेटात असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि माझ्या जागी आलेल्या मुलाला पदभार देताना मी जे दप्तर सोपवले त्यातही नव्हते. म्हणजे त्या मुलालाही मी फसवलेच होते; त्यालाही वाटले असणार की ही पद्धत कागदावर पूर्ण आहे.

हा एका अभियंत्याच्या नवखेपणाचा दोष आहे, असे म्हणून सोडून देता आले असते. पण हीच गोष्ट ज्या व्यवसायात कौशल्य सर्वांत वैयक्तिक मानले जाते तिथेही आढळली आहे. रॉबर्ट हकमन आणि गॅरी पिसानो यांनी 2006 मध्ये हृदयशल्यचिकित्सकांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. हे शल्यचिकित्सक एकाच काळात एकाहून अधिक रुग्णालयांत शस्त्रक्रिया करीत होते. माणूस तोच, हात तेच, शिक्षण तेच. तरीही एखाद्या रुग्णालयात जितक्या जास्त शस्त्रक्रिया केल्या तितके त्यांचे यश त्याच रुग्णालयात वाढले. दुसऱ्या रुग्णालयात त्याचा तसा लाभ दिसला नाही. बोरिस ग्रॉइसबर्ग यांनी वॉल स्ट्रीटवरच्या नामवंत शेअर विश्लेषकांचा मागोवा घेतला तेव्हा त्यांना आढळले की कंपनी बदलल्यावर यांच्यातल्या पुष्कळांची कामगिरी घसरते, आणि जे आपल्या गटासह नव्या ठिकाणी जातात त्यांना हा फटका कमी बसतो. भूल देणारा, हत्यार पुढे करणारी परिचारिका, आकडे तपासून देणारा कनिष्ठ, यांच्याशी जमलेला सूर त्या ‘वैयक्तिक’ कौशल्याच्या आतच विणलेला असतो. मग ‘पगार घेतला, काम दिले, हिशेब संपला’ या वाक्यातले ‘काम’ नेमके कोणाचे होते? आपल्या बाजारभावात ज्यांची भर आहे त्यांना आपल्या पगारातून काही मिळत नाही, मिळूही शकत नाही. अशा देण्याला कृतज्ञता म्हणण्यापेक्षा मी प्रामाणिकपणा म्हणेन.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. सहकाऱ्यांचे हे देणे व्यवस्थापनाच्या हातातले हत्यार होते. राजीनामा दिला की वरिष्ठ कंपनीचे नाव घेत नाहीत, ते म्हणतात, “तू गेलास तर टीमचं काय होईल?” हा प्रश्न ऐकून वर्षानुवर्षे अडकून पडलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यांत स्त्रिया अधिक पाहिल्या, कारण इतरांची जबाबदारी स्वतःवर घ्यावी हे त्यांना घरीही शिकवलेले असते. आक्षेप घेणारे म्हणतात, हे खाते मुळातच बंद करा, म्हणजे कोणी त्याचा गैरवापर करणार नाही. मला हा उपाय मान्य नाही, कारण तो लुटीच्या भीतीने घरच विकायला सांगतो. त्या प्रश्नाचे खरे उत्तर वेगळे आहे: एका माणसाच्या जाण्याने टीम कोसळत असेल तर तेवढी माणसे न नेमण्याचा निर्णय ज्याने घेतला त्याने त्याची जबाबदारी घ्यावी. सहकाऱ्याचे देणे म्हणजे थांबणे, असा अर्थ कधीच होत नाही. माझ्या शेजारचा माणूस माझ्यावर कितीही अवलंबून असला तरी माझ्या आयुष्याची वर्षे मागण्याचा हक्क त्याला नाही, आणि बहुतेक वेळा तो मागतही नाही. त्याच्या नावाने दुसराच कोणी मागतो. कायद्यानेही जाण्याचे स्वातंत्र्य मानले आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 ने व्यवसायाला आडकाठी करणारे करार रद्दबातल ठरवले आहेत. 90 दिवसांच्या नोटिशीविषयी एवढेच म्हणतो की ती कंपनीच्या सोयीसाठी आहे. खरे हस्तांतरण बहुतेक कामांत दोन-तीन आठवड्यांत होते आणि उरलेले दिवस माणूस ओलीस राहतो. सहकाऱ्यांच्या नावावर तिचे समर्थन करू नये.

थांबणे नाही, तर मग देणे कशाचे? मुख्यतः दोन गोष्टींचे: आपल्याजवळची माहिती दडवून न ठेवण्याचे, आणि श्रेय ज्याचे त्याला नेमकेपणाने देण्याचे. नेमकेपणा हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. ‘सर्वांच्या सहकार्यामुळे हे शक्य झाले’ हे निरोपाच्या भाषणातले वाक्य कोणालाच काही देत नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी, तीन वर्षांच्या कामाचा शेवट होत असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत बोलायला उभे राहिले तेव्हा सभागृहातले लोक सर्व श्रेय त्यांच्या पदरात टाकत होते. त्यांनी स्पष्ट सांगितले की हे श्रेय खऱ्या अर्थाने आपले नाही. सर बेनेगल नरसिंग राव यांनी कच्चा मसुदा तयार केला होता, मसुदा समितीचे सदस्य 141 दिवस बसले होते. आणि त्याहून मोठा वाटा त्यांनी मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला, तोही कशासाठी हे सांगून: अत्यंत गुंतागुंतीच्या प्रस्तावांना सोप्या आणि स्पष्ट कायदेशीर शब्दांत बसवण्याच्या त्यांच्या क्षमतेसाठी. मुखर्जींच्या हाताखाली काम करणाऱ्या आणि कधी मध्यरात्र उलटेपर्यंत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही ते विसरले नाहीत. असे श्रेय दिल्याने डॉ. आंबेडकर यांचे काही कमी झाले का? उलट, काम प्रत्यक्षात कसे घडले हे त्यांना किती बारकाईने ठाऊक होते, ते त्यातून कळते. ज्याला आपल्या कामातला दुसऱ्याचा वाटा सांगता येत नाही, त्याला स्वतःचे कामही पुरते कळलेले नसते. मला ते कळले नव्हते, हे वर लिहिलेच आहे.

पुढचा आक्षेप असा, की सहकाऱ्यांशी पटत नसेल तर काय? पुष्कळ माणसे नोकरी सोडतात ती सहकाऱ्यांमुळेच. इथे टिळक आणि आगरकर यांच्याकडे पाहावे. 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, 1881 मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले, कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात दोघांनी 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढले, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. पुढे मतभेद इतके विकोपाला गेले की आगरकर 1887 मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. 1890 मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. दोघे एकमेकांवर कठोर शब्दांत लिहीत होते, आणि ते वाद आजही वाचताना सौम्य वाटत नाहीत. टिळकांनी राजीनामा दिला तोही गुळमुळीत कारण पुढे करून नव्हे. काय बिघडले, कोणत्या तत्त्वावरून बिघडले, हे त्यांनी सविस्तर लिहून सहकाऱ्यांसमोर ठेवले. 1895 मध्ये आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. ज्याच्याशी सात-आठ वर्षे जाहीर भांडण चालले त्याच्याविषयी लिहिताना दहा वर्षे बरोबर केलेले काम नाकारण्याची गरज त्यांना वाटली नाही. सहकाऱ्याचे मोल मानणे म्हणजे त्याच्याशी सहमत होणे किंवा त्याला आवडून घेणे, असा आपला समज झाला आहे; त्यामुळेच ‘माझे कोणाशी विशेष जमत नव्हते’ एवढे म्हटले की देणे फिटल्यासारखे वाटते. तोंडावर स्पष्ट मतभेद सांगून जाणारा माणूस मला हसतमुखाने केक कापून जाणाऱ्या आणि नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात जुन्या लोकांना मूर्ख ठरवणाऱ्या माणसापेक्षा अधिक सहकारी वाटतो. ज्याचा छळ झाला, जातीवरून किंवा स्त्री म्हणून अपमान झाला, त्याला हे काही लागू नाही. त्याने शक्य तितक्या लवकर बाहेर पडावे; छळ करणाऱ्याचे कसलेही देणे त्याच्या अंगावर राहत नाही.

आणि इथे माझ्या बाजूच्या लोकांनीही एक गोष्ट ऐकून घेतली पाहिजे. सहकाऱ्यांच्या जिव्हाळ्याचे गोडवे गाताना आपण सहकारी कोणाला म्हणतो, हे तपासत नाही. गिरणगावातल्या आपुलकीविषयी मराठीत भरभरून लिहिले गेले आहे, आणि ती आपुलकी खरी होती. नवखा माणूस गाववाल्याच्या ओळखीने गिरणीत लागे, त्याच्याच शेजारी उभा राहून काम शिके, त्याच्याच गाळ्यात पथारी पसरी. पण त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात, जिथे पगार चांगला होता, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातले, म्हणजे मागावर आडवे सूत फिरवणाऱ्या साधनातले, सूत तोंडाने ओढावे लागे आणि बाकीच्यांना त्यांचा विटाळ वाटे. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न थेट कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. भांडवलदाराविरुद्ध खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्यांनाही शेजारचा खांदा कोणाचा, हे पाहून मगच तो लावायचा होता. आजचे विणकाम खाते कोणते? एकाच मशीनवर कायम कामगार आणि त्याच्या निम्म्याहून कमी पगारात तेच काम करणारा कंत्राटी कामगार दिसतात; निरोप समारंभाची वर्गणी एकाकडे मागितली जाते, दुसऱ्याला समोसे वाटायला सांगतात. सहकारी हा शब्द हजेरीपटावरून ठरत असेल तर त्यावर उभारलेले सगळे तत्त्वज्ञान पोकळ आहे. काम ज्याच्या हातून जाते तो सहकारी. त्याचा पगार कोणाच्या नावाने निघतो, याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता नव्या नोकरीकडे येऊ, कारण या वादात तिचा विचार जवळपास होतच नाही. माझ्या मते जुन्या सहकाऱ्यांविषयीची आपली खरी वृत्ती शेवटच्या दिवशी दिसत नाही. ती नव्या ठिकाणच्या पहिल्या तीन महिन्यांत दिसते. तिथे दोन मोह असतात. एक, ‘आमच्याकडे हे असे नव्हते’ म्हणत जुन्या ठिकाणच्या सामूहिक हुशारीवर स्वतःची छाप मारून ती नव्यांसमोर ठेवण्याचा. दुसरा, नव्या वरिष्ठांना खूश करण्यासाठी जुन्यांची लक्तरे वेशीवर टांगण्याचा. दोन्हींत नव्या सहकाऱ्यांचा अपमान आहे, हे लक्षात येत नाही. पहिल्यात आपण त्यांना सांगतो की तुम्ही इथे जे जमवले आहे ते मला बघायचेही नाही. दुसऱ्यात, उद्या तुमच्याविषयीही मी असेच बोलेन. नवी विटी, नवे राज्य हे खेळात ठीक आहे. चालत्या कारखान्यात किंवा कार्यालयात शिरणारा माणूस दुसऱ्यांनी जमवलेल्या बैठकीत येऊन बसत असतो, आणि तिथल्याही रंगाच्या ठिपक्यांचा अर्थ कोणीतरी सांगितल्याशिवाय त्याला कळणार नसतो. नव्या कारखान्यात मी ढकलगाडी बनवण्याआधी तिथल्या डाय सेटरला ‘तुम्ही कसे करता’ असे विचारले असते, तर ते सहा महिने वाया गेले नसते.

जुन्या टीममधली माणसे आपल्याबरोबर ओढून नेणे योग्य की अयोग्य, हाही प्रश्न निघतो. पुण्याच्याच इतिहासातले उदाहरण घेऊ. 1981 मध्ये पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये काम केलेल्या सात जणांनी मिळून पुण्यात इन्फोसिस काढली. एका दृष्टीने पाहिले तर जुन्या कंपनीचे हे नुकसान होते. पण एकमेकांबरोबर काम करण्याचा जमलेला सूर ही त्या सात जणांची स्वतःची कमाई होती आणि ती घेऊन जाण्याचा त्यांना हक्क होता. त्याच गोष्टीत दुसरा तपशीलही आहे: नारायण मूर्ती नव्या कंपनीचे प्रवर्तक असूनही कर्मचारी क्रमांक चार ठरले, कारण जुन्या ठिकाणचे हातातले काम पुरे करून ते मागाहून आले. तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे, या मूर्तींच्या मताला माझा विरोध आहे, आणि तो मी इथेही नोंदवतो. पण काम पुरे करून बाहेर पडणे आणि मित्रांना घेऊन बाहेर पडणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे त्या उदाहरणातून दिसते. सहकाऱ्याला नव्या ठिकाणी बोलावताना एकच पाहावे, की ते बोलावणे त्याच्या भल्याचे आहे की आपल्या शिफारशीच्या बक्षिसाचे.

हे सगळे व्यक्तीच्या सद्भावनेवर सोडून भागणार नाही, असा शेवटचा आक्षेप कोणी घेईल, आणि तो मला मान्य आहे. आपली भरतीची आणि कार्यमुक्तीची सगळी रीत माणसाला ‘मी केले’ असेच म्हणायला शिकवते. वार्षिक मूल्यमापनात एकट्याचे आकडे मागतात, मुलाखतीत ‘आम्ही’ म्हणणाऱ्याला मध्येच थांबवून ‘तुम्ही स्वतः काय केलेत’ असे विचारतात. हा प्रश्न चुकीचा नाही, कारण दुसऱ्याच्या कामावर नाव लावणारेही येतात. पण त्याच्या जोडीला ‘हे काम तुमच्याबरोबर आणखी कोणी केले आणि त्यांच्याशिवाय यातले काय अडले असते’ असे विचारले तर नाव लावणारा अधिक लवकर सापडतो. मी मुलाखती घेऊ लागलो तेव्हापासून हे विचारत आलो आहे. बहुतेक उमेदवार थबकतात, कारण कोणीही त्यांना कधी हे विचारलेले नसते. थोडे जण मात्र बोलू लागतात, आणि त्यांच्या कामाची खरी खोली तिथूनच पुढे कळायला लागते.

कार्यमुक्तीच्या अर्जावर लॅपटॉप, ओळखपत्र, कपाटाची किल्ली, कॅन्टीनची बाकी यांसाठी रकाने असतात. आमच्या विभागात आम्ही गेली दोन वर्षे त्याला आणखी एक पान जोडतो. जाणाऱ्याने आपल्या जागी येणाऱ्याबरोबर बसून ते भरायचे असते: कोणते काम कोणाच्या भरवशावर चालते, ते माणूस नेमके काय करते, आणि त्याला कधी विचारावे. मनुष्यबळ विभागाने या पानाला हरकत घेतली नाही, पण कंत्राटदाराच्या माणसांची नावे कंपनीच्या छापील कागदावर यायला नकोत, असे मात्र बजावले. उद्या तोच कागद पुरावा म्हणून पुढे यायचा, ही त्यांची भीती. आम्ही वाद घातला आणि हरलो. म्हणून छापील रकान्यांत कायम नोकरांची नावे असतात, आणि खाली सोडलेल्या कोऱ्या जागेत बाकीची नावे आम्ही हाताने लिहितो.